तोलोका : युक्रेनमधील तरुणांचे युद्धकालीन कार्य



युक्रेन या देशाचे नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात शिरले ते २०२२ सालच्या फेब्रुवारी महिन्यात, आणि तेही वर्तमानपत्रातून नव्हे, तर दूरध्वनीवरून. खार्किव, सूमी, विनित्सिया, इव्हानो-फ्रांकिव्स्क या गावांना वैद्यकी शिकावयास गेलेली आपली मुले तळघरांतून घरी फोन करीत होती आणि आईबाप नकाशा उघडून ती गावे शोधीत होते. शाळेतल्या जुन्या नकाशात खार्किवचे ‘खारकोव’ असते, त्यामुळे शोधायला आणखी वेळ लागे. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे साडेबावीस हजार भारतीय मायदेशी परतले. त्यांत बहुतेक विद्यार्थीच होते आणि महाराष्ट्रातलेही बरेच होते. कर्नाटकातला एक विद्यार्थी मात्र १ मार्च रोजी खार्किवमध्ये तोफमाऱ्यात सापडला, तो परत आला नाही. बाकीची मुले आली, आपला जीव भांड्यात पडला, आणि हळूहळू आपले तिकडचे लक्षही उडाले. हा मनुष्यस्वभावच आहे, त्याबद्दल मी कुणाला बोल लावीत नाही. परंतु आपली मुले ज्या वयाची होती त्याच वयाची त्या देशाची मुले मागे राहिली. ती मागे राहून काय करीत आली, हा आजचा विषय आहे.

विषयाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करतो. रणांगणावरच्या पराक्रमाच्या कथा सांगण्यासाठी मी उभा नाही. त्या सांगणारे पुष्कळ आहेत. मला बोलावयाचे आहे ते विटा साफ करणाऱ्या, सूप वाटणाऱ्या, डब्यांत मेण ओतणाऱ्या मुलामुलींविषयी. संकट आले की माणसे आपोआप एक होतात, असे आपण नेहमी म्हणतो. मला ते तितकेसे खरे वाटत नाही. संकट आले की माणसे पळतात, दुकानातले पीठ साठवून ठेवतात, शेजाऱ्याला दार उघडीत नाहीत; हेही प्रत्येक देशात घडते आणि युक्रेनमध्येही थोडेफार घडलेच असेल. एकत्र येऊन काम करण्याची सवय अगोदर लागलेली असली, तरच ती संकटात उपयोगी पडते. युक्रेनच्या तरुणांना ती कशी लागली होती, हे पाहिल्याखेरीज त्यांनी युद्धात जे केले त्याचा उलगडा होत नाही, असे माझे मत आहे.

प्रथम एका खेड्यात जाऊ. राजधानी कीवच्या उत्तरेस चेर्निहिव नावाचे प्राचीन शहर आहे आणि त्याच्या अगदी जवळ याहिद्ने नावाचे छोटे गाव आहे. २०२२ च्या मार्चच्या आरंभी रशियन सैन्याने ते घेतले. गावच्या शाळेत सैन्याने आपले ठाणे केले आणि साडेतीनशेहून अधिक गावकऱ्यांना त्याच शाळेच्या तळघरात कोंडले. तान्ह्या मुलापासून नव्वदी ओलांडलेल्या म्हातारीपर्यंत सगळे त्यांत होते. आडवे व्हावयास जागा नव्हती, वारा नव्हता, उजेड नव्हता. माणसे बसल्या बसल्या झोपत. सुमारे चार आठवडे हे चालले. कुणीतरी भिंतीवर दाराजवळ तारखा लिहून ठेवल्या, आणि त्याच भिंतीवर मेलेल्यांची नावेही लिहिली. त्या कोंदट हवेत जी गेली ती बहुतेक वृद्ध माणसे होती. मार्चअखेर रशियन सैन्य माघारी गेले तेव्हा लोक वर आले, तो घरांची छपरे उडालेली, गुरे मेलेली, आणि गावाचे संस्कृतिभवन, म्हणजे जिथे लग्ने, नाटके, नाच होत ती इमारत, ढासळलेली.

त्याच वर्षीच्या वसंतात कीवच्या काही तरुण मित्रमैत्रिणींनी चेर्निहिव प्रांतातल्या अशा खेड्यांतून शनिवार-रविवारी जाण्यास सुरुवात केली. पुढे त्या मंडळाला ‘रिपेअर टुगेदर’ हे नाव पडले, म्हणजे ‘मिळून दुरुस्ती’. बसगाड्या भरून मुले येत. कुणी संगणकावर काम करणारे, कुणी चित्रकार, कुणी विद्यार्थी. हातात फावडी, डोक्याला रुमाल. जुलै महिन्यात याहिद्नेच्या त्या संस्कृतिभवनाचा ढिगारा उपसण्यासाठी दोनशेच्या वर तरुण जमले, आणि तेथे त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. एका बाजूला ध्वनिक्षेपक मांडून त्यांनी आपले ते धडधड वाजणारे यंत्रसंगीत लावले. युद्धापूर्वी कीवच्या तरुणांत या संगीताचा मोठा षोक होता. रात्र रात्र नाच चालत. ती नाचणारी मुले आता त्याच ठेक्यावर ढिगारा उपसू लागली. शेकडो हातांत बादल्या फिरत होत्या, मोडलेली कौले, काचा, लाकडे बाहेर निघत होती आणि ज्या विटा धड होत्या त्यांवरचा चुना खरवडून त्या पुन्हा बांधकामासाठी रचल्या जात होत्या.

हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. प्रथम वाचले तेव्हा माझ्याही पडली. जिथे माणसे गुदमरून मेली त्या गावात गाणीबजावणी? पण हा प्रश्न त्या मुलांनाही पडलेला होता. युद्ध चालू असता आपण नाचावे की नाही, याची टोचणी त्यांतल्या पुष्कळांना होती आणि ती त्यांनी उघडपणे बोलूनही दाखविली. हातून काम होत आहे, म्हणून संगीत ऐकण्याचा हक्क आपल्याला आहे, असा त्यांनी स्वतःशी एक तह केला असावा. मला वाटते यात अनादर नाही. भलरी म्हणत पीक कापणाऱ्या लोकांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

या कामाला ती मुले एक जुना शब्द वापरतात, तो म्हणजे ‘तोलोका’. हा शब्द समजला की अर्धा विषय समजला. युक्रेनच्या खेड्यांत फार पूर्वीपासून अशी रीत होती की, एखाद्याला घर बांधावयाचे असले, छप्पर शाकारावयाचे असले किंवा पीक निघता निघत नसले, तर त्याने शेजारपाजाऱ्यांना बोलवावे. त्यांनी एक दिवस विनामूल्य खपावे, आणि त्याने संध्याकाळी सर्वांना भरपेट जेवू घालावे. मजुरी नाही, हिशेब नाही; मात्र उद्या दुसऱ्याने बोलावले की आपण गेलेच पाहिजे. आपल्या खेड्यांतून ‘इर्जिक’ घालतात ती हीच. गावच्या औतांनी एकाच्या शेतात एक दिवस चालावे आणि त्याने सर्वांना जेवण द्यावे. ‘सावड’ हीदेखील याच कुळातली. शहरात आलेल्या आपल्या मुलांना हे शब्द कोशात शोधावे लागतात, ही गोष्ट वेगळी. कीवच्या मुलांनी मात्र आजीच्या तोंडचा शब्द उचलला आणि त्याला आपला ठेका जोडला. याहिद्नेनंतर जवळच्याच लुकाशिव्का गावात त्यांनी नुसता ढिगारा उपसण्याच्या पुढचे पाऊल टाकले; ज्यांची घरे पार गेली होती अशा कुटुंबांसाठी बारा नवी घरे बांधण्याचे काम अंगावर घेतले. शहरी मुलांनी गवंड्याच्या हाताखाली वीट लावावयास शिकणे हे बोलण्याइतके सोपे नाही. ढिगारा एका दिवसात उपसता येतो. घराला महिने लागतात, आणि तेवढे महिने येत राहणे हीच खरी कसोटी असते.

आता मागे जाऊ. ही सवय त्यांना कुठून लागली? एकट्या खेड्यातल्या रीतीने ती आली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. सोव्हिएट राजवटीत श्रमदान होते, पण ते वरून हुकूम येऊन होई, आणि हुकमाच्या श्रमदानाने माणसाला काम टाळण्याचीच सवय लागते. युक्रेनमधल्या विद्यार्थ्यांनी स्वतःहून एकत्र येण्याचा पहिला मोठा धडा घेतला तो १९९० च्या ऑक्टोबरात. सोव्हिएट संघ अजून मोडलेला नव्हता. कीवच्या मुख्य चौकात, दगडी फरशीवर तंबू ठोकून विद्यार्थ्यांनी २ ऑक्टोबरला उपोषण मांडले. पंधरवडाभर ते चालले. १७ तारखेला विधिमंडळाला त्यांच्या मागण्यांपुढे नमावे लागले आणि पंतप्रधान विताली मासोल यांना पायउतार व्हावे लागले. तारीख २ ऑक्टोबर आणि शस्त्र उपोषण, हा योगायोग आपल्या लक्षात आलाच असेल. मी त्याला योगायोगच म्हणतो, त्याहून अधिक काही नाही.

दुसरा धडा २०१३ चा. युरोपशी करावयाचा करार सरकारने ऐनवेळी बाजूस सारला, तेव्हा नोव्हेंबरच्या थंडीत त्याच चौकात विद्यार्थी जमले. ३० नोव्हेंबरच्या पहाटे पोलिसांनी त्यांना निर्दयपणे झोडपले. पळणाऱ्या मुलांना जवळच्या सेंट मायकेलच्या मठाने आत घेतले. दुसऱ्या दिवशी त्या मुलांचे आईबाप रस्त्यावर आले आणि शहरच चौकात लोटले. पुढे तीन महिने त्या चौकात स्वयंपाकघर, दवाखाना, ग्रंथालय, पहारा, सारे लोकांनी चालविले. माझ्या मते हे तीन महिने म्हणजे त्या पिढीची शाळा होय. कोण कांदा चिरणार, कोण जखमीला उचलणार, कोण पैशाचा हिशेब ठेवणार, हे कुणी वरून न सांगता ठरविण्याचा सराव तिथे झाला.

त्या पहाटे मार खाणाऱ्यांत सोळा वर्षांचा एक मुलगा होता, रोमान रातुश्नी. त्याची हकिकत मुद्दाम सांगतो, कारण ती युद्धाच्या आधीची आहे. कीव शहरात प्रोतासिव यार नावाची एक हिरवी टेकडउताराची जागा आहे. तिथे उंच इमारती उठविण्याचा बेत निघाला. विशीतल्या या मुलाने आसपासच्या रहिवाशांना गोळा केले, मंडळ काढले, कागदपत्रे धुंडाळली, कोर्टात झगडा मांडला, धमक्या सोसल्या. एका बागेसाठी एवढा उपद्व्याप! आपल्याकडच्या शहरांतून टेकड्यांसाठी जे लोक झगडतात त्यांना हे नवीन वाटणार नाही. युद्ध सुरू झाले तेव्हा तो सैन्यात गेला आणि ९ जून २०२२ रोजी इझ्यूम शहराजवळ मारला गेला. त्याचा पंचविसावा वाढदिवस महिन्याच्या आत होता. कीवमधल्या एका रस्त्याला आता त्याचे नाव आहे.

२०१४ साली रशियाने क्रिमिया घेतला आणि पूर्वेकडे दोन्बासमध्ये लढाई पेटली. त्या वर्षी क्रामातोर्स्क हे शहर काही महिने रशियाच्या पाठबळावरच्या बंडखोरांच्या हाती होते. ते सुटल्यावर पश्चिमेकडच्या ल्विव शहरातून तरुणांचे एक पथक तिथे पडकी घरे दुरुस्त करावयास गेले. त्यातून ‘बुदुयेमो उक्रायिनू राझोम’, म्हणजे ‘मिळून युक्रेन बांधू’, ही चळवळ निघाली. ल्विव आणि क्रामातोर्स्क यांत हजाराहून अधिक किलोमीटरचे अंतर. एकीकडे युक्रेनीचा अभिमान, दुसरीकडे घरोघर रशियन बोलली जाणारी. दोन्हीकडच्या लोकांच्या मनांत एकमेकांविषयी नाना समज. एका खोलीला मिळून गिलावा केल्यावर ते समज किती उरतात, हा त्या शिबिरांचा खरा प्रयोग होता. घरदुरुस्ती हे निमित्त. दिवसा काम आणि संध्याकाळी चर्चा, असा त्यांचा क्रम असे. २०२२ नंतर याच मंडळींनी निर्वासितांसाठी निवारे दुरुस्त करण्याचे काम हाती घेतले, आणि ते त्यांना जमले याचे कारण आठ वर्षे त्यांचे हात त्याला सरावले होते.

इथे आणखी एक शब्द सांगतो, ‘ह्रोमादा’. त्याचा अर्थ समाज, गावकी. २०१४ ते २०२० या काळात युक्रेनने आपली स्थानिक राज्यव्यवस्था बदलली आणि लहानलहान गावे एकत्र करून १,४६९ ह्रोमादा केल्या. करातला ठळक वाटा त्यांच्या हाती दिला. म्हणजे ‘आपला समाज’ आणि ‘आपली नगरपालिका’ या दोहोंना तिथे एकच शब्द आहे. शाळेचे छप्पर गळत असले तर कीवकडे अर्ज पाठवून वाट पाहण्याऐवजी ह्रोमादाच्या कचेरीत जाऊन भांडता येऊ लागले. याचा उपयोग युद्धात फार झाला. दळणवळण तुटले तरी गावाचा कारभार गावात चालू राहिला, आणि फावडे घेऊन आलेल्या तरुणाला कुठे काम आहे हे सांगणारे कुणीतरी जागेवर होते.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने चहूकडून आक्रमण केले. एका महिन्यात देशातली ४३ लाख मुले घरादाराबाहेर पडली. देशातल्या एकूण मुलांपैकी ती निम्म्याहून अधिक होती. पश्चिमेकडे जाणारा लोंढा ल्विवच्या रेल्वे स्थानकावर येऊन आदळे. तिथल्या महापौरांनी मार्चमध्ये सांगितले की शहरात दोन लाख विस्थापित आहेत. त्या स्थानकावर विद्यार्थी आणि ‘प्लास्त’चे बालवीर रात्रंदिवस उभे होते. गरम चहा, सूप, लहानग्यांसाठी दूध, कुठली गाडी कुठल्या फलाटावर, आजीबाईंची पिशवी कुणी धरावयाची. काम कसले म्हणाल, तर हेच. ‘प्लास्त’ ही युक्रेनची बालवीर संघटना १९११ साली ल्विवमध्येच ओलेक्सान्द्र तिसोव्स्की यांनी काढली. १९३० मध्ये पोलिश राजवटीने तिच्यावर बंदी घातली, सोव्हिएट राजवटीने तिला डोके वर काढू दिले नाही, आणि साठ वर्षे ती परदेशी गेलेल्या युक्रेनियनांनी जर्मनीत, अमेरिकेत, कॅनडात जगविली. १९९० च्या सुमारास ती मायदेशी परतली. त्या चहाच्या रांगेत आपलीही मुले होती. सीमेवरच्या गर्दीत आपल्या काही मुलांना दुजाभावाची वागणूक मिळाली, धक्काबुक्कीही झाली, हेही लपविण्याचे कारण नाही. अशा लोंढ्यात माणसाचे चांगले आणि वाईट दोन्ही एकाच फलाटावर दिसते.

खार्किवमध्ये भुयारी रेल्वे २४ फेब्रुवारीला थांबली ती २४ मेला पुन्हा सुरू झाली. मधले तीन महिने हजारो माणसे स्थानकांत आणि उभ्या डब्यांत राहिली. तिथे मुलांना चित्रे काढावयास शिकविणे, गोष्टी सांगणे, म्हाताऱ्यांची औषधे आणून देणे, ही कामे स्वयंसेवकांनी केली. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच भुयारी स्थानकांत रीतसर वर्ग भरू लागले, हजारावर मुले जमिनीखाली शाळेत जाऊ लागली. खार्किव रशियाच्या सरहद्दीपासून इतके जवळ आहे की भोंगा वाजून माणूस तळघरात पोहोचेपर्यंत क्षेपणास्त्र येऊन पडते. तेव्हा वर शाळा भरविणे शक्यच नव्हते.

१० ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने विजेच्या केंद्रांवर मारा सुरू केला आणि हिवाळ्याच्या तोंडाशी शहरेच्या शहरे अंधारात गेली. तेव्हा शाळाशाळांतून एक उद्योग सुरू झाला, तो म्हणजे ‘खंदकातली मेणबत्ती’. कृती सांगतो. खाद्यपदार्थाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यावयाचा. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याची डब्याच्या उंचीएवढी पट्टी कापून तिची घट्ट गुंडाळी करून आत बसवावयाची. त्यावर वितळलेले मेण ओतावयाचे आणि निवू द्यावयाचे. पुठ्ठा हीच वात. ही बत्ती कित्येक तास जळते, तीवर चहाचे पाणी उकळते, बोटे शेकता येतात. मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे, रिकामे डबे आणि खोकी घरोघर हिंडून गोळा करण्याचे काम लहान मुलांचे, कढईवर उभे राहण्याचे मोठ्यांचे. दुसरा उद्योग जाळी विणण्याचा. लाकडी चौकटीवर मासेमारीच्या जाळ्यासारखी जाळी ताणावयाची आणि जुन्या कापडाच्या चिंध्या तिच्यात गुंतवावयाच्या. उन्हाळ्यात हिरव्या, पानगळीत तपकिरी, बर्फात पांढऱ्या. वाचनालयांतून, शाळांच्या दालनांतून बायका आणि मुली हे काम करीत बसत.

तुम्ही म्हणाल, ही जाळी तोफा झाकण्यासाठी, आणि ती बत्ती शिपायासाठी. मग ही समाजसेवा की युद्धकार्य? प्रश्न रास्त आहे. मला त्याचे कोरडे उत्तर देता येत नाही. ज्या गावात प्रत्येक घरातला कुणीतरी खंदकात बसला आहे, तिथे गाव आणि सैन्य यांच्यामध्ये रेघ ओढणे कठीण जाते. तीच बत्ती अंधारलेल्या बिऱ्हाडातही जळते. एवढे मात्र म्हणेन की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना शत्रूची हालचाल टिपण्यासारख्या कामात ओढू नये. तशी उदाहरणे घडली, त्यांचे कौतुकही झाले. मला त्या कौतुकाची भीती वाटते.

पैसा उभा करण्याची त्यांची रीतही मजेदार आहे. युक्रेनी भाषेत ‘बांका’ म्हणजे बरणी किंवा डबा. मोनोबँक नावाची तिथली एक पेढी आहे, तिचा सारा व्यवहार मोबाइलवर चालतो. तीत प्रत्येकाला आपली एक बरणी उघडता येते आणि कुणीही तीत पैसे टाकू शकतो. वाढदिवसाला भेट नको, माझ्या बरणीत टाका, असे मुले कळवितात. बरणी गाडीसाठी, जनित्रासाठी, जखम बांधण्याच्या पट्ट्यांसाठी. खरे सांगावयाचे तर बहुतेक बरण्या सैन्याच्याच सामानासाठी असतात. देणगी, मदत आणि श्रमदान यांवरून देशांचा क्रम लावणारी एक जागतिक पाहणी दरवर्षी निघत असे. २०२३ च्या पाहणीत युक्रेन दुसरा आला. पहिला होता इंडोनेशिया. अशा क्रमवारीवर माझा फार भरवसा नाही, पण लढाईत होरपळणारा देश दानात दुसरा यावा, हे नोंदविण्यासारखे आहे.

आता सुरुंगांविषयी थोडे. २०२३ मध्ये युक्रेनच्या सुमारे १,७४,००० चौरस किलोमीटर प्रदेशात सुरुंग किंवा न फुटलेला दारूगोळा असण्याची शक्यता धरली होती. महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक एवढा हा प्रदेश होतो. पुढे पाहणी होत गेली तसा आकडा खाली आला, तरी तो अद्याप प्रचंडच. अशा जमिनीत नांगर घालणे म्हणजे जिवाशी खेळ. कीवचा इहोर क्लिमेन्को हा सतरा वर्षांचा विद्यार्थी युद्धाच्या आरंभी घरच्यांबरोबर खेड्यातल्या घराच्या तळघरात अडकला होता. तिथे बसून त्याने आपल्या जुन्या कल्पनेवर पुन्हा काम केले. सुरुंग हुडकून त्याची जागा कळविणारे, चार पंख्यांचे उडते यंत्र त्याने आखले. त्याबद्दल २०२२ साली त्याला ‘ग्लोबल स्टुडंट प्राइझ’ हे एक लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. मात्र वर्तमानपत्रांतून अशा बातम्या वाचून सुरुंगाचा प्रश्न सुटला असे कुणी समजू नये. यंत्र फार तर जागा दाखवील. सुरुंग काढावयाचा तो शिकलेल्या माणसाने, गुडघे टेकून, वीत वीत जमीन तपासत. मोहरी पेरण्याजोगे एक शेत मोकळे व्हावयास कित्येक दिवस जातात.

येथवर मी ज्याला ‘तरुण’ म्हणत आलो तो कोण? त्यांच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे चौदा ते पस्तीस वयाचा. पण युद्धाने या वयाचे निराळेच तुकडे पाडले. आक्रमण होताच अठरा ते साठ वर्षांच्या पुरुषांना देश सोडण्यास बंदी झाली. सक्तीच्या भरतीचे किमान वय मात्र सत्तावीस होते. एप्रिल २०२४ मध्ये ते पंचवीसवर आले. म्हणजे अठरा ते चोवीस हा वयोगट असा की, तो बाहेर जाऊ शकत नव्हता आणि त्याला कुणी सक्तीने आघाडीवरही नेत नव्हते. स्वेच्छेने पुष्कळ गेले, तो प्रश्न निराळा. मागच्या फळीतली फावडी ज्यांच्या हातांत आपल्याला दिसतात त्यांत मुलींच्या बरोबरीने ही मुले असण्याचे एक कारण हेच. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने अठरा ते बावीस वर्षांच्या मुलांना परदेशी जाण्याची मोकळीक दिली. तेव्हा पुष्कळ गेले. शिकावयास गेलेला मुलगा परत येईल काय, या काळजीत आईबाप आहेत आणि सरकारही आहे. ज्यांचे मुलगे-मुली परदेशी गेले आहेत असे आपल्या सभागृहात कमी नसतील. त्यांना ही काळजी वेगळी समजावून सांगावयास नको, फक्त तिकडे तिच्यामागे लढाई उभी आहे.

आणि माणूस थकतो. पहिल्या वर्षी बस भरून येणारी मुले तिसऱ्या वर्षी तितकी येत नाहीत. कुणी सैन्यात गेलेला असतो, कुणाचा भाऊ गेलेला असतो, कुणाला नुसती झोप हवी असते, कारण रात्रभर भोंगे वाजत असतात. बरण्यांच्या नावाखाली लबाडी करणारेही निघाले. स्वयंसेवक इतके करतात म्हणून सरकारने हात आखडावा, हाही धोका तिथे आहेच, आणि तो ओळखणारे लोक त्याच पिढीत आहेत.

त्याचा प्रत्यय २०२५ च्या जुलैत आला. लाचलुचपतीचा तपास करणाऱ्या दोन स्वतंत्र सरकारी संस्थांना सरकारच्या महाअभियोक्त्याच्या अधीन करणारा कायदा विधिमंडळाने घाईघाईने मंजूर केला आणि २२ जुलैला अध्यक्ष झेलेन्स्की यांनी त्यावर सही केली. त्याच संध्याकाळी कीवमध्ये, ल्विवमध्ये आणि इतर शहरांत लोक जमले. त्यांत बहुसंख्य विशीच्या आतबाहेरची मुलेमुली होती. २०१३ साली त्यांतली पुष्कळ दुसरी-तिसरीत असतील. युद्धकाळात मोठ्या निदर्शनांना बंदी, तरी ती आली. हातांत छापील फलक नव्हते. खोक्यांचे पुठ्ठे फाडून त्यांवर शाईने वाक्ये लिहिलेली होती, काही गंभीर, काही थट्टेची, काही तर सभेत उच्चारता येणार नाहीत अशी. शत्रू दाराशी असताना आपल्या सरकारविरुद्ध बोलावे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी असे दिले की, आपण ज्याच्यासाठी लढतो त्यातच हे बोलणे आले. अध्यक्षांनी दोन दिवसांत नवे विधेयक मांडले. मुले तरीही रोज संध्याकाळी येत राहिली, कारण मतदान व्हावयाचे होते.

ते मतदान ३१ जुलैला झाले. ३३१ मते बाजूने पडली, विरुद्ध एकही नाही, आणि बाहेर वाट पाहत उभ्या असलेल्या मुलांनी जयघोष केला. त्याच दिवशी पहाटे कीववर मोठा हल्ला झाला होता आणि एका राहत्या इमारतीचा भागच कोसळला होता. मृतांचा आकडा पुढे तीसवर गेला. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, शहराने दुखवटा पाळला.